सोळा फ्लॅटांचा कारभार

शनिवार पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या त्याला आता काही दशकं झाली. चार मजले, बारा ते वीस फ्लॅट, खाली दोन-तीन गाळे, दुचाक्या जेमतेम मावतील एवढं पार्किंग. इतक्या लहान इमारतीला पगारी मॅनेजर परवडत नाही. कारभार पाहतात ते तिथेच राहणारे दोन-तीन जण, कामावरून घरी आल्यावर किंवा निवृत्तीनंतर, एक पैसाही न घेता. वार्षिक सभेत "आता तुम्हीच बघा" म्हणून ज्यांच्या गळ्यात सेक्रेटरीपद पडतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते कागदावर पाहा. दारावरच्या पाटीवर विसंबू नका. उपनिबंधकाकडचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. तिला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू होतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणही आलं आहे. प्रमाणपत्राऐवजी बिल्डरने नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, आणि प्रत्येकाचं अपार्टमेंट डीड सापडलं, तर कायदा १९७० चा, महाराष्ट्र अपार्टमेंट मालकीचा. पुण्यात दोन्ही प्रकार सर्रास आढळतात. दोहोंतला फरक समजून न घेता कारभाराला लागलात, तर पहिल्याच बिलापासून भांडण सुरू होईल.

कारण पैशांची वाटणी दोन्हीकडे निरनिराळी आहे. सोसायटीत जिन्याचे दिवे, झाडलोट, ऑडिट फी, स्टेशनरी असा सेवाशुल्काचा खर्च सर्व फ्लॅटांवर समान पडतो. वन बीएचके असो वा थ्री बीएचके. लिफ्टचा खर्चही समान. "आम्ही पहिल्या मजल्यावर, लिफ्टला हातसुद्धा लावत नाही," ही तक्रार प्रत्येक सभेत येते. शासनाच्या आदर्श उपविधींनी तिचं उत्तर देऊन ठेवलं आहे: वापर करा वा न करा, वाटा सारखाच. पाणीपट्टी मात्र प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर ठरते. अपार्टमेंटमध्ये याउलट सामायिक खर्च घोषणापत्रात लिहिलेल्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने वाटायचा असतो. तिथे मोठ्या फ्लॅटला जास्त भरावंच लागतं, आणि "सगळ्यांना सारखं" असा ठराव बहुमताने केला तरी तो टिकत नाही.

आता निधी. याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून इथे थोडं थांबू. सोसायटीला प्रत्येक सभासदाकडून सिंकिंग फंडासाठी वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी किमान ०.७५ टक्के घ्यायचे असतात. जमिनीची किंमत यात धरायची नाही. समजा, इमारत बांधली तेव्हा प्रत्येक फ्लॅटच्या बांधकामाला दोन लाख रुपये लागले. मग सिंकिंग फंडाचे वर्षाला ५०० रुपये आणि दुरुस्तीचे १,५०० रुपये झाले. सोळा फ्लॅटांचे मिळून अनुक्रमे ८,००० आणि २४,००० रुपये. दोन्ही मिळून वर्षाचे ३२,००० रुपये! या वेगाने दहा वर्षांत व्याज सोडून ३,२०,००० जमतील. त्यात आज चार मजली इमारतीचं वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम होणार नाही, नव्या लिफ्टचं तर नावच नको. मेख इथे आहे: टक्केवारी लावली जाते जुन्या बांधकाम खर्चाला आणि काम करून घ्यायचं असतं आजच्या दराने. पण उपविधींमधला "किमान" हा शब्द नीट वाचा. जास्त दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. कमिटीने पुढच्या दहा वर्षांत येणारी मोठी कामं आणि त्यांची अंदाजपत्रकं सभेपुढे ठेवून हा दर वाढवून घ्यावा. माझ्या मते नव्या कमिटीचं पहिल्या वर्षातलं सर्वात महत्त्वाचं काम हेच.

शनिवार पेठेत निधी वाढवायला आणखी एक कारण आहे. "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आता कशाला खर्च करायचा?" असं म्हणत लोक गच्चीची गळती वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पण शनिवारवाडा हे केंद्र-संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. प्रतिबंधित पट्ट्यात दुरुस्तीसाठीसुद्धा परवानगी लागते. तेव्हा आपली इमारत नेमकी कुठे मोडते हे आधी पाहून घ्या. प्रतिबंधित पट्ट्यातल्या इमारतीला आहे तीच वास्तू धडधाकट ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं, असं आदर्श उपविधी सांगतात. हा अहवाल कपाटात ठेवून देऊ नका. सगळ्यांना त्याची प्रत द्या.

गळतीचं म्हणाल तर, गच्चीतून झिरपलेल्या पावसाने वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. बाहेरून गेलेल्या सामायिक पाइपची गळतीही सोसायटीची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली पाणी येत असेल, तर ते काम वरच्या सभासदाने करायचं.

वर्षाचं वेळापत्रक साधं आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर ४५ दिवसांत हिशेब तयार, ३१ जुलैपर्यंत शासनाच्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडून ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची. कोरम दोन तृतीयांश सभासदांचा किंवा २० जणांचा, जो आकडा कमी असेल तो. म्हणजे सोळा जणांत अकरा. पेठेत हे अवघडच, कारण निम्मे मालक कोथरूडला, बावधनला नाहीतर परदेशात. कोरम नसेल तर सभा तहकूब करून त्याच दिवशी उशिराने घेता येते आणि त्या सभेला कोरमची अट नसते. मात्र ती वेळ मूळ नोटिशीतच छापलेली हवी.

मग येतं इतिवृत्त. पुष्कळ वह्यांमध्ये असं वाचायला मिळतं: "लिफ्टबाबत चर्चा झाली. काम करून घेण्याचे ठरले." या दोन वाक्यांवर कुणाकडूनही एक रुपया मागता येणार नाही. त्याजागी असं लिहा: "लिफ्टच्या दोरखंड बदलासाठी आलेली तीन दरपत्रके वाचून दाखवली. त्यांपैकी अमुक ठेकेदाराचे दरपत्रक मान्य. खर्च दुरुस्ती निधीतून. कमी पडणारी रक्कम सर्व फ्लॅटांकडून समान, अमुक तारखेपर्यंत." खाली सूचक, अनुमोदक, विरोध करणाऱ्यांची नावं. विरोध झाला असेल तर तोही नोंदवलाच पाहिजे. ज्याचा विरोध लिहिला जातो तो माणूस सहसा पैसे भरतो. उद्या थकबाकीसाठी उपनिबंधकांकडे वसुली दाखला मागायला गेलात, तर तिथे ठराव, बिलं आणि नोटिसांच्या पोचपावत्याच पाहतील.

थकबाकीदाराच्या घरी आधी एकदा जाऊन या. आजारपण असतं, भावाभावांत वारसाहक्काचा तिढा असतो. हप्ते बांधून द्या आणि तेही लिहून ठेवा. पाणी तोडणं, नाव फलकावर लावणं या वाटेला जाऊ नका. त्याने पैसे येत नाहीत आणि कमिटीवरच तक्रार होते.

भाडेकरूंबाबत पेठेची परिस्थिती वेगळी आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली इथे मोठ्या संख्येने राहतात. सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवणं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं बंधनकारक आहे. सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. "विद्यार्थी नकोत" असे तोंडी नियम करणाऱ्या कमिट्या स्वतःला अडचणीत आणतात, आणि गावाकडून एकट्याने आलेल्या मुलांना विनाकारण दुखावतात. त्यांच्याशी ओळख करून घ्या. ओला-सुका कचरा कसा वेगळा करायचा, कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई किती वाजता येतात, पंप कधी सुरू होतो, हे पहिल्याच दिवशी सांगितलं की बहुतेक कुरबुरी होतच नाहीत.

शेवटचं काम पद सोडतानाचं. सभासद नोंदवही, इतिवृत्ताची वही, बँकेची पासबुकं, मंजूर नकाशे, लिफ्टचा परवाना, ऑडिट अहवाल हे सारं दप्तर यादी करून, सही घेऊन पुढच्या सेक्रेटरीला द्या. आणि तुम्ही अजून कुठल्याच पदावर नसाल, तर यंदाची नोटीस आली की सभेला जा. निदान खजिनदाराला मदतनीस म्हणून तरी स्वतःचं नाव सुचवा.