नाकतोड्याला हिरवा रंग कोण देतो?

श्रावणात पुण्याच्या वेताळ टेकडीवरील गवतातून चालताना पायाजवळून हिरवे नाकतोडे उडतात, तसेच सुक्या काडीच्या रंगाचेही. जात एकच असली तरी रंग दोन असू शकतात. ‘हिरवे गवत खाल्ले म्हणून हिरवा’ हे वर्गात हमखास मिळणारे उत्तर अपुरे आहे, कारण तपकिरी नाकतोडाही तेच गवत खातो.

नाकतोड्याचा हिरवा रंग पानातल्या हरितद्रव्याचा नसतो. निळे व पिवळे रंगद्रव्य एकत्र येऊन तो बनतो. पिवळे द्रव्य अन्नातून मिळते, निळे शरीर स्वतः तयार करते. तपकिरी-काळा रंग मुख्यतः कातडीतल्या मेलॅनिनमुळे येतो. यांपैकी कोणते द्रव्य किती, हे संप्रेरके ठरवतात.

हे कळले ते नाकतोड्यांचे भाऊबंद असलेल्या टोळांवरील प्रयोगांतून. मेंदूमागील एका ग्रंथीजोडीतून बाल-संप्रेरक पाझरते. ही ग्रंथी दुसऱ्या पिल्लात जादा बसवली, तर तपकिरी होणारे पिल्लू कात टाकल्यावर हिरवे होते. काळेपणाचे संप्रेरक वेगळे. कोराझोनिन हा ११ अमिनो आम्लांचा रेणू टोळांना काळे करतो, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. ओकिनावा वंशाच्या पांढऱ्या टोळांना तो टोचताच पुढच्या कातीनंतर ते काळवंडले. दमट हवेत एकटी वाढणारी टोळाची पिल्ले हिरवी, तर गर्दीतली काळी-पिवळी होतात. म्हणजे परिसराचा निरोप संप्रेरकांमार्फत कातडीपर्यंत पोचतो.

याचा शेतीशी थेट संबंध आहे. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळ अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत शिरले. थव्यातला टोळ गुलाबी असेल तर तो अजून अपक्व असतो. पक्व झाल्यावर बाल-संप्रेरकाच्या प्रभावाने तो पिवळा होतो, नर अधिकच. पिवळा थवा उतरला, की पिकाबरोबर जमिनीकडेही लक्ष हवे, कारण मादी मातीतच अंडी घालते.

शिक्षकांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर दरमहा गवताच्या एकाच पट्ट्यातील हिरवे व तपकिरी नाकतोडे मुलांकडून मोजून घ्यावेत, पकडू नयेत. प्रमाण बदलले, तर मुलांना विचारावे: नाकतोड्यांनी रंग बदलला, की उठून दिसणारे पक्ष्यांनी टिपले? नुसत्या मोजणीने याचा निकाल लागत नाही. तो कसा लावता येईल, यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी. आपल्याला हवे आहे ते हेच.