विंचू दिसला? आकार नको, शेपूट पाहा



पेंढ्याची उडवी हलवताना, बांधाचा धोंडा उचलताना किंवा सरपणाच्या ढिगात हात घालताना एखादा अनोळखी विंचू समोर येतो. मोठा काळा दिसला की आपण म्हणतो, “बाप रे, ह्याचं विष जबर!” लहानसा तांबडा दिसला तर चपलेने बाजूला सारतो. इथेच चूक होते. विंचवाचा धोका आकारावरून ठरत नाही. लांबूनच त्याचे पुढचे चिमटे पाहा आणि शेपूट पाहा.

तांबडा विंचू : लांबी साधारण 5 ते 9 सें.मी. रंग तांबूस-नारिंगी ते तपकिरी, पाय फिकट पिवळे. चिमटे बारीक, शेपूट मात्र जाडजूड. कोकणात आणि देशावरही आढळतो. जिवावर उठतो तो हाच. पिल्लू असले तरी विषारीच.

मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी : चिमटे खेकड्यासारखे रुंद, शेपूट त्या मानाने बारीक. चावला तर चांगलाच ठणका लागतो, पण जीव सहसा जात नाही.

दोरीशेपट्या प्राणी : विंचवासारखाच दिसतो, पण शेपटीच्या जागी दोऱ्यासारखा बारीक तंतू असतो. ह्याला नांगीच नसते. डिवचला तर आंबूस, उग्र वासाचा फवारा सोडतो. मारू नका, तो किडे खातो.

अंधारात नीट दिसले नाही, तर तांबडाच चावला असे धरून चाला.

तांबड्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरू शकते. नुसता जागेवर ठणका असेल तर बहुधा निभावते. पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, दम लागणे ही खूण दिसली तर क्षणभर थांबू नका. ठणका कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लहान मुलांना धोका सर्वात जास्त.

रायगड जिल्ह्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1986 मध्ये प्राझोसिन ह्या गोळीचा ह्या दंशावरचा उपयोग जगासमोर मांडला. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. आता विंचवाच्या विषावरची लसही मिळते. पण गोळी घरी देऊ नका. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

दंश झाल्यावर : माणसाला धीर द्या, चालवू नका. जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. विंचू पकडायच्या नादी लागू नका; रंग, चिमटे आणि शेपूट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

दंश टाळण्यासाठी : दगड, पेंढा, गोवऱ्या आधी काठीने हलवा, मगच हात घाला. चपला, बूट झटकून घाला. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. पोरांना अंथरूण झटकूनच निजवा.