नेत्रपरीक्षा व देहारोग्य

‘मोतीबिंदु अजून पिकला नाहीं, पिकल्यावर पाहूं,’ असें म्हणून घरांतील वडील मंडळींचे डोळे वर्षानुवर्षें न दाखविण्याची चाल कित्येक घरांत अद्याप आहे. ती घातक आहे. मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत येते. काचबिंदूनें गेलेली येत नाहीं. तो बहुधा न दुखतां, कडेकडेनें दृष्टि हरण करितो. कोणता बिंदु आहे हें घरबसल्या कळत नाहीं. शिवाय काचबिंदु पुष्कळदां कुळांत चालतो. एकास निघाल्यास भावंडांनीं व मुलांनींही तपासून घ्यावें.

दुसरेंही कारण आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितानें १८५१ सालीं नेत्रांतर्दर्शक यंत्र प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून जिवंत माणसाच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्या कापाकापी न करितां प्रत्यक्ष पाहतां येऊं लागल्या. मधुमेह व रक्तदाब यांच्या खुणा रोग्यास कांहीं जाणवण्यापूर्वींच तेथें दिसूं शकतात. म्हणून मधुमेही मनुष्यानें दृष्टि उत्तम असली तरी वर्षांतून एकदां डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

दसऱ्यास आपण पोथ्या पुजतों. त्या वाचणारे डोळेही त्याच सुमारास दाखवून आणण्याचा नेम घरोघर असावा.