वैवाहिक सुख आणि काळ : जयपूर येथील एक पाहणी

विवाहानंतर वर्षे लोटतात तसे पतिपत्नींचे प्रेम वाढते की ओसरते, हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो. प्रेमविवाह चांगला की वडीलधाऱ्यांनी ठरविलेला विवाह चांगला, हा वादही त्याच्याच जोडीचा. या वादात राजस्थानातील जयपूर शहरात झालेल्या एका पाहणीचा दाखला वारंवार दिला जातो. ती पाहणी काय होती आणि तिच्यावरून किती निष्कर्ष काढता येतो, हे आपण पाहू.

उषा गुप्ता व पुष्पा सिंह यांनी इ. स. १९८२ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध केली. जयपुरातील ५० जोडप्यांना त्यांनी एक प्रश्नावली दिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही प्रेमाची मापनश्रेणी होय. जोडीदाराविषयीची ओढ, काळजी व जवळीक तिने मोजली जाते. अधिकात अधिक गुण ९१ धरले होते. विवाहाला एक वर्षही न झालेल्या प्रेमविवाहितांची सरासरी ७० भरली, तर दहा वर्षे उलटलेल्यांची केवळ ४०. ठरवून झालेल्या विवाहांत हेच आकडे अनुक्रमे ५८ व ६८ असे होते. एक रेषा उतरते, दुसरी चढते; पाहणाऱ्याच्या मनावर हे चित्र सहज ठसते.

परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. नवविवाहित जोडपी आणि दहा वर्षे संसार केलेली जोडपी ही एकच नव्हेत. एखाद्या बागेतील लहानमोठी कडुनिंबाची झाडे एकाच दिवशी मोजून झाड कसे वाढते हे सांगावे, तसा हा प्रकार आहे. मध्यंतरी वठून गेलेली झाडे मोजणीत येतच नाहीत. तशीच विभक्त झालेली जोडपीही येत नाहीत. शिवाय जुन्या झाडांनी सोसलेला दुष्काळ नव्या रोपांनी पाहिलेलाही नसतो. ज्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून विवाह केला, त्यांच्या संसारावर त्या विरोधाचा भार किती पडला, हे गुणांवरून कळत नाही. त्यातही ५० जोडप्यांचे विवाहप्रकार व वर्षे यांप्रमाणे गट पाडले, की एकेका गटात मोजकीच जोडपी उरतात.

अन्यत्र चित्र निराळेही दिसले आहे. चीनमधील चेंगडू शहरात १९८७ साली ५८६ विवाहित स्त्रियांची पाहणी झाली. तेथे स्वतः जोडीदार निवडलेल्या स्त्रिया, विवाहाला कितीही वर्षे झालेली असोत, अधिक समाधानी आढळल्या.

काळाचा परिणाम जाणण्याचा खरा मार्ग म्हणजे त्याच व्यक्तींना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा विचारणे. मुले मोठी झाल्यावर वैवाहिक सुख परत वाढते, असे पूर्वीच्या पाहण्यांवरून मानले जाई. परंतु अमेरिकेत १९८० ते १९९७ या काळात त्याच व्यक्तींना पाच वेळा विचारले असता, सरासरी समाधान हळूहळू घटतच गेलेले आढळले. अखेरची वाढ दिसली नाही. तथापि सरासरी म्हणजे प्रत्येकाचे भविष्य नव्हे. आरंभी समाधानी असलेली अनेक जोडपी दीर्घकाळ तशीच राहतात, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले आहे.

म्हणून घरातील मुलामुलीच्या विवाहाचा निर्णय घेताना जयपूरच्या आकड्यांचा हुकूम म्हणून उपयोग करणे योग्य नव्हे. त्या पाहणीने एक मोलाचा प्रश्न उपस्थित केला. त्याचे अंतिम उत्तर दिले नाही.