पाठ दुखते, झोप लागत नाही : योगाभ्यासाचा उपयोग किती आणि कशासाठी?



दरवर्षी २१ जून जवळ आला की मंडळीतून मला दोन प्रश्न विचारले जातात. ख्रिस्ती माणसाने योगासने करावीत का? आणि तुम्ही पारधी, भिल्ल वस्त्यांवर बायकांना श्वासाचे व्यायाम शिकवता, पण दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायामाची काय गरज? दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात, म्हणून या अंकात त्यांची उत्तरे सविस्तर देते.

योग आणि सजगता म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये योग दिन ठरवला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. त्यामुळे योग म्हणजे आसने, असाच अनेकांचा समज झाला आहे. पतंजलींच्या योगाची अंगे आठ आहेत. आसन आणि प्राणायाम ही त्यांतली फक्त दोन, आणि त्यांचा अंतिम हेतू आध्यात्मिक आहे. हे आपण नाकारू नये. मात्र शरीरावर या अभ्यासाचा काय परिणाम होतो, हा वेगळा प्रश्न आहे. तो आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला.

सजगतेचे तसेच आहे. तिचे मूळ बौद्ध ध्यानात आहे. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी तिचा धार्मिक विधींशिवाय वापर सुरू केला. साध्या भाषेत सांगायचे तर, जे करतो आहोत त्यावर लक्ष ठेवायचे. मन भरकटले की स्वतःला न रागावता परत आणायचे.

आपण काय भूमिका घ्यावी?

याच लोणावळ्यात येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी ‘साधना’ संस्थेत धर्मगुरू व धर्मभगिनींना प्रार्थनेपूर्वी श्वासाकडे आणि शरीराच्या संवेदनांकडे लक्ष द्यायला शिकवले. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. पुढे १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल विश्वासणाऱ्यांना सावध केले. म्हणजे उपयोग आणि सावधगिरी, दोन्ही आपल्याच घरात आहेत. त्याही आधी, पूर्वेकडील मंडळ्यांत येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणण्याची जुनी परंपरा होतीच.

माझी समजूत अशी : आपली आराधना एकाच देवाची. ज्यात दुसऱ्या कोणाची उपासना किंवा मंत्रजप आहे, ते आपण करू नये. पण ताठ बसणे, पाठ ताणणे, सावकाश श्वास सोडणे ही देवाने दिलेल्या देहाची निगा आहे. तरीही एखाद्याचे मन खात असेल तर त्याला आग्रह करू नये. खाण्यापिण्याच्या वादात पौलाने रोमकरांना हीच वाट दाखवली होती.

एलीयाची गोष्ट आठवा. तो थकून, मरण मागत रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. आधी झोप, भाकर आणि पाणी दिले. मंद वाणी नंतर आली. आपल्या सेवेचा क्रमही असाच असावा, असे मला वाटते. म्हणूनच वस्तीवर श्वासाचा व्यायाम घेताना आम्ही मंत्रही म्हणत नाही आणि वचनही सांगत नाही. बाईच्या दुखऱ्या पाठीच्या आडून तिला धर्म शिकवणे प्रामाणिकपणाचे नाही.

राबणाऱ्या देहाला व्यायाम कशाला?

आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत पारधी आणि भिल्ल कुटुंबेही असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. बाई वाकून ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. कोपीवर परतल्यावर स्वयंपाक असतोच. गाडी रात्री आली तर भरायला रात्रीच जावे लागते.

यात शरीराची हालचाल भरपूर होते, पण ती एकाच तऱ्हेची. कमरेतून पुढे वाकणे आणि मानेवर भार, महिनोन्‌महिने. दमलेले स्नायू आखडतात आणि सैल व्हायला त्यांना वेळच मिळत नाही. म्हणून या बायकांना आणखी कष्टाचा नव्हे, स्नायू मोकळे करणारा व्यायाम लागतो. जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत योग आणि सजगतेचा अभ्यास अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये सुचवला आहे.

श्वासाचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबवला की शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप मिळतो, आणि झोप येणे सोपे जाते.

आम्ही काय शिकवतो?

उताणे झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी वर-खाली करायची. मग नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. असे पाच मिनिटे. आकडे येत नसतील तर बोटांच्या पेरांवर मोजायचे. आणि दिवसातले एक काम, मग ते भाकरी थापणे असो की पाणी भरणे, पूर्ण लक्ष देऊन करायचे. याला चटई लागत नाही, पैसा लागत नाही, कोपीतही होते.

काय करू नये?

मानेवर ओझे वाहणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन करू नये. गरोदर बाई, रक्तदाब किंवा हर्निया असलेली, अंग बाहेर येणारी, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली, यांनी कपालभाती करू नये आणि श्वास रोखून धरू नये.

डोळे मिटण्याचीही सक्ती नको. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय गेला नाही. रात्री दारावर थाप पडली की काय होते हे जिने पाहिले आहे, तिला डोळे मिटून शांत बसवले तर उलट भीती दाटून येते. ती दाराकडे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी बसली तरी चालते.

चक्कर, धाप, छातीत धडधड यांना ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला श्वासाचा व्यायाम नव्हे, आधी उपचार हवेत. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे जवळजवळ एक. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तरुणपणीच पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो : अंगातून वाफा, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे. म्हणून ‘पिशवी काढा’ असे कोणी सांगितले तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगते. श्वास लांबवल्याने उचल फिटत नाही, खाडा माफ होत नाही, फडात शौचालय उभे राहत नाही. शांत राहायला शिकवून अन्याय सोसायला लावणे ही सेवा नव्हे. पण रात्री झोप मिळालेली बाई सकाळी मुकादमाकडे हिशेब मागू शकते, डॉक्टरला प्रश्न विचारू शकते. एवढे बळ तिला मिळावे, म्हणून हा अभ्यास.

प्रार्थनेचे विषय

- तोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे प्रवासात व फडात रक्षण व्हावे.
- गावी मागे राहणाऱ्या मुलांची शाळा सुटू नये.
- जाण्यापूर्वी प्रत्येक बाईची रक्ततपासणी व्हावी. यासाठी दिवसभर सोबत देऊ शकतील अशा भगिनी मंडळीतून पुढे याव्यात.