प्राणिसंग्रहालये : प्रेक्षणीयता आणि प्रजातिरक्षण

मोठ्या शहरातील प्राणिसंग्रहालयाकडे करमणुकीचे स्थळ म्हणून पाहिले जाते. कायद्याची भूमिका मात्र अधिक व्यापक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेविना देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. वन्यजीव संवर्धनाच्या राष्ट्रीय प्रयत्नांना बळ देणे, हे प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट असल्याचे १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने स्पष्ट केले. हे उद्दिष्ट आणि प्रेक्षकांचे आकर्षण यांची सांगड कशी घातली जाते, हे हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल.

अधिवासाची रचना

मीर आलम तलावालगत सुमारे ३८० एकरांवर वसलेले हे प्राणिसंग्रहालय १९६३ मध्ये जनतेसाठी खुले झाले. येथे मोठ्या प्राण्यांसाठी गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे आहेत. त्यामुळे प्राण्यास हालचालीस व आडोशास जागा मिळते आणि प्रेक्षकाची दृष्टीही अडत नाही. १९७४ मध्ये सुरू झालेल्या सिंह सफारीत तर प्रेक्षकच बंद वाहनात असतो. निशाचर प्राण्यांच्या दालनात दिवसा मंद प्रकाश ठेवून रात्रीचा आभास निर्माण केला जातो. त्यामुळे हे प्राणी प्रेक्षकांना जागे दिसतात. येथे अधिवासाची सुधारणा हेच आकर्षण ठरले आहे.

दृष्टिआडचे कार्य

तथापि, सर्वच कार्य प्रेक्षणीय नसते. पिसोरी हे भारतातील सर्वांत लहान खूरधारी प्राण्यांपैकी एक, स्वभावाने अत्यंत बुजरे. केंद्रीय प्राधिकरण, राज्य वन विभाग आणि हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था यांच्या सहकार्याने २०१० मध्ये याच परिसरात पिसोरीच्या प्रजननाचा प्रकल्प सुरू झाला. तेथे वाढलेल्या पिसोरी २०१७ मध्ये अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात सोडण्यात आल्या. वर्दळीपासून दूर राखलेली जागा ही या प्रकल्पाची गरज होती.

खर्च कोणी सोसावा?

येथे अर्थशास्त्रीय प्रश्न उद्भवतो. सिंह पाहण्याचा आनंद तिकीट घेणाऱ्यास मिळतो; प्रजाती टिकल्याचा लाभ मात्र तिकीट न घेणाऱ्यांना आणि पुढील पिढ्यांनाही मिळतो. अशा सार्वजनिक हिताचे मूल्य प्रवेशशुल्कातून वसूल होत नाही. शुल्क फार वाढविल्यास अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे वंचित राहतात. केवळ गर्दीवर विसंबल्यास प्राण्यांवरील ताण वाढतो. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवण्याचा नियम आहे. त्या दिवसाचे उत्पन्न बुडते. परंतु प्राण्यांना विसावा मिळतो. प्राण्यांना चिडविणे, खाद्य देणे वा गोंगाट करणे यांस अधिनियमाच्या कलम ३८-जे अन्वये मनाई आहे. प्राणी दत्तक योजनांतून येणाऱ्या देणग्या शासकीय निधीस पूरक ठरतात, पर्याय नव्हे.

प्रेक्षकसंख्या हा प्राणिसंग्रहालयाच्या यशाचा एक निकष आहे, एकमेव नव्हे. दालनात न दिसणाऱ्या पिसोरीसाठी निधी आणि जागा राखून ठेवली जाते किंवा नाही, हा त्याहून कठीण, पण अधिक खरा निकष होय.