तांबी आणि ‘प्रतिबंधक’ मात्रा

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाताना उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे ओळीने लागतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरला हे नाव १९४९ साली मिळाले. मराठी, सिंधी व हिंदी बोलणाऱ्या स्त्रिया ज्या दवाखान्यात एकत्र येतात, तेथे वैद्यकीय प्रश्न हा काही अंशी भाषेचाही प्रश्न होतो. तांबी बसविण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे काय, हा त्यांपैकीच एक होय.

१९६५ साली राष्ट्रीय कार्यक्रमात आलेला ‘लूप’ प्लास्टिकचा होता. पुढे तांब्याची तार गुंडाळलेले साधन आले आणि मराठीने त्यास ‘तांबी’ म्हटले. ती बसविताना गर्भाशयमुखातील जंतू आत जाण्याचा संभव असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीचे १९९२ साली प्रसिद्ध झालेले विश्लेषण असे दर्शविते की, ओटीपोटातील संसर्गाचा धोका पहिल्या वीस दिवसांत नंतरच्या काळाच्या सहापटीहून अधिक असतो. त्यानंतर तो अल्प राहतो.

यावरून आधीच एक मात्रा द्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि प्रयोगांनी या अपेक्षेस पुष्टी दिली नाही. नैरोबीतील डॉक्सिसायक्लिनच्या प्रयोगात (१९९०) संसर्गात निर्णायक घट आढळली नाही. लॉस एंजेलिस येथील ॲझिथ्रोमायसिनच्या प्रयोगात (१९९८) औषध घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत संसर्ग अत्यंत विरळ होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ही मात्रा सरसकट देण्याची शिफारस करीत नाही. जेथे परमा व क्लॅमिडिया यांचे प्रमाण मोठे आणि तपासणीची सोय तुटपुंजी, तेथेच तिचा विचार व्हावा, असे तिचे मत आहे.

मग खरे रक्षण कशात? निर्जंतुक साधनांत, तपासणीत आणि योग्य प्रश्नांत. पू असलेला संसर्ग दिसल्यास आधी उपचार, मग तांबी. परंतु ‘संसर्ग आहे काय?’ या प्रश्नास ‘नाही’ म्हणणारी स्त्री ‘अंगावरून पांढरे जाते काय, वास येतो काय, ओटीपोट दुखते काय?’ असे विचारताच ‘होय’ म्हणू शकते. शिवाय ‘प्रतिबंधक’ मात्रा घेतली म्हणजे आता भय नाही, या समजुतीने ताप वा दुखणे अंगावर काढले गेल्यास वंध्यत्वापर्यंत हानी पोचू शकते. तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत अशी लक्षणे दिसताच परत यावे, ही सूचना त्या स्त्रीच्या स्वतःच्या बोलीत देणे अगत्याचे आहे.